बांगडीच्या जागेची नस

टॉवेलने हात पुसताना कळतं. हाड जुळलेलं, एक्स-रे साफ, मुठीत पुरता जोर, आणि तरीही अंगठ्याच्या मागून टॉवेलचं टोक नुसतं सरकलं की गरम तव्याला हात लागावा तशी आग उठते. तोच भाग दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला तर मात्र फारसं काही होत नाही. हलका स्पर्श दुखतो, घट्ट दाब चालतो. उजव्या मनगटाचं हाड तारा घालून बसवल्यानंतर उरलेल्या या दुखण्यासोबत रोजची कामं करायची माझी सगळी रीत या एका उलट्या गोष्टीवर उभी आहे. ज्यांना असंच दुखणं आहे त्यांना ती जशीच्या तशी उचलता यावी, म्हणून माप आणि वेळ देऊन लिहिते आहे.

आधी ती नस कुठून जाते ते हाताला लावून पाहा. डॉक्टरांच्या कागदावर तिचं नाव सुपरफिशियल रेडियल नर्व्ह असं असतं. कोपराखाली ती स्नायूच्या आडोशाने चालते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकापासून साधारण ८ ते ९ सेंटिमीटर वर, म्हणजे चार बोटं आडवी ठेवून त्याच्याही थोडं पुढे, दोन स्नायूंच्या दोरांमधून (डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात) ती कातडीखाली येते. तिथून पुढे मनगटावरून अंगठ्याच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेवर, तर्जनीच्या मागे फाटे देत जाते. वर मांस नाही, चरबी नाही. घड्याळाचा पट्टा, बांगडी, प्लास्टरची कड, हाडात घातलेली तार, सगळं तिच्याच वाटेत येतं. रॉबर्ट वॉर्टेनबर्ग यांनी १९३२ साली या नसेच्या दुखण्यावर लिहिलं, म्हणून काही डॉक्टर त्यांच्याच नावाने हा आजार सांगतात. घट्ट हातकड्या घातलेल्या माणसांनाही नेमकं हेच होतं.

तळवा खाली वळवला की ते दोन दोर कात्रीच्या पात्यांसारखे जवळ येतात आणि नस मध्ये सापडते. त्यातच मनगट करंगळीकडे झुकलं की ती वरून ताणलीही जाते. म्हणजे तळवा खाली आणि मनगट करंगळीकडे, ही या हाताची सर्वांत वाईट अवस्था. हस्तांदोलनाला पुढे करतो तसा, अंगठा आकाशाकडे ठेवलेला हात ही सर्वांत सुखाची. पुढे पोळी, स्कूटी, माउस असं काहीही आलं तरी मी आधी एवढंच बघते की अंगठा वर राहील असं ते काम कसं करता येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही नस फक्त संवेदना वाहून नेते, एकही स्नायू हलवत नाही. त्यामुळे हात बघणाऱ्याला धडधाकट दिसतो आणि "दुखतं कुठे मग?" हा प्रश्न येतच राहतो. पण मनगट मोडल्यानंतर कधी अंगठ्याचं टोक वर उचलताच येईनासं झालं, तर ते या नसेचं काम नव्हे. अंगठा उचलणारी दोरी हाडावर घासून तुटल्याची ती खूण असू शकते. तेव्हा वाट न पाहता हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. संपूर्ण पंजा सुजणं, रंग बदलणं, एक हात दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार लागणं, घाम वेगळा येणं, हेही लगेच दाखवावं. तो वेगळा आजार असतो आणि त्यात लवकर उपचार सुरू होण्याला फार महत्त्व आहे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखलं की बरेचदा दोरीची सूज म्हणून सोडून दिलं जातं. फरक असा: दोरीची सूज अंगठा हलवला की दुखते, हात नुसता ठेवला की शांत राहते. नसेचं दुखणं स्वस्थ बसल्यावरही जळजळतं, झिणझिण्या येतात, आणि नसेच्या वाटेवर बोटाने टकटक केलं की बोटापर्यंत करंट जातो. मूठ करून मनगट करंगळीकडे वाकवण्याची चाचणी दोन्हींत दुखते, म्हणून एकट्या तिच्यावरून निदान करू देऊ नका. नसेची गती मोजणारी तपासणी सांगितली असेल तर त्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावू नका. एसीच्या खोलीत गार पडलेला हात लगेच मशीनला देऊ नका. हात गार असला की नसेचा वेग मुळातच कमी दिसतो, ३२ अंशांच्या आसपास कातडी असावी असं मानतात. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ती तपासणी जाड तंतू मोजते. आग आणि चटका वाहणारे बारीक तंतू तिच्यात येतच नाहीत.

गोळ्यांबद्दल रोजच्या कामाला लागतं तेवढंच सांगते, कारण डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या आगीवर फार उपयोग होत नाही. दिल्या जातात त्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन या जातीच्या. अमिट्रिप्टिलिनची सुरुवात बहुधा रात्री १० मिलिग्रॅमने होते, प्रीगॅबालिनची ७५ किंवा त्याहून कमीने. पहिल्या चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. डोस हळूहळू चढवत नेल्यावर काही आठवड्यांनी खरं काय ते समजतं. उलट, बरं वाटलं म्हणून गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन एका दिवसात बंद करणंही चूक, ती पायरीपायरीने उतरवायची असते. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, तेव्हा तो आधीच सांगावा. ॲसिडिटीचं पातळ औषध आणि गॅबापेंटिन यांत दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. सुरुवातीच्या दिवसांत आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर सकाळी डोकं जड असतं, तोल जरा जातो. तेवढे दिवस स्कूटी नाही आणि विळीही नाही.

माझ्यासारख्या नागपूरकरांनी अमिट्रिप्टिलिनच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यायची आहे. या गोळीने तोंड कोरडं पडतं, तसा घामही कमी येतो. घाम कमी म्हणजे अंग थंड करायची सोय कमी. पारा ४५ च्या वर जातो त्या मे महिन्यात, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत तर नक्कीच, ही गोळी घेणाऱ्याने अकरा ते पाच उन्हात निघू नये. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं घेत राहावं. घरात वयस्क माणूस ही गोळी घेत असेल तर लघवी अडखळते का, बद्धकोष्ठता वाढली का, हेही विचारत राहावं.

आता नकाशा. महिन्यांमागून महिने "दुखतं" एवढंच म्हणत राहिलं की कमी होतंय की वाढतंय ते कळेनासं होतं. मी दर रविवारी सकाळी, अंघोळीआधी, कापसाची काडी घेऊन चांगल्या कातडीवरून दुखऱ्या भागाकडे सरकवत आणते. जिथे स्पर्शाची आग होते तिथे स्केचपेनने ठिपका. कोपराकडून, बोटांकडून, तळव्याच्या बाजूने आणि करंगळीच्या बाजूने असे चार ठिपके. ते जोडले की दुखण्याची हद्द मिळते. मनगटाच्या घडीपासून वरच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहायचं आणि शेजारी पट्टी ठेवूनच फोटो काढायचा. सोबत तीन आकडे: स्वस्थ बसल्यावर दहापैकी किती, काडी फिरवल्यावर किती, रात्री किती वेळा जाग आली. डॉक्टरांसमोर हे पान ठेवलं की पाच मिनिटांच्या भेटीत मुद्द्याचं बोलणं होतं. हद्दीचं आकुंचन वेदनेच्या आकड्याच्या बरंच आधी दिसू लागतं. मन लावून पुढे जायला तेवढा एक सेंटिमीटर पुरतो. तुटलेली नस वाढलीच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तेव्हा दर आठवड्याला मोजण्यात अर्थ आहे, रोज मोजण्यात नाही.

खरं काम आहे ते कातडीला पुन्हा स्पर्शाची सवय लावण्याचं. हात जपून ठेवला, ओढणीखाली लपवला, कुणाला लागू दिला नाही, की मेंदूकडे त्या भागातून दुखण्याखेरीज दुसरी बातमीच जात नाही आणि तो आणखी हळवा होत जातो. हे काम औषधासारखं मापात करायचं: पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा.

कापडं लागतात ती घरातलीच. जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, मग धुऊन मऊ झालेली सुती साडी, मग खादी, मग अंगपुसणं, आणि शेवटी किंतान किंवा घोसाळ्याची वाळलेली जाळी. नागपुरात गांधीबागेतल्या कटपीसच्या दुकानांत वेगवेगळ्या पोताचे तुकडे स्वस्तात मिळतात. प्रत्येकाचा वीतभर चौकोन पुरे. हात टेबलावर, अंगठा वर. हद्दीच्या ५ सेंटिमीटर बाहेर, चांगल्या कातडीवर कापड घट्ट दाबून सुरुवात करायची आणि दाब न सोडता सावकाश हद्दीच्या आत जायचं. एक मिनिट चोळणं, अर्धा मिनिट नुसता तळवा ठेवून थांबणं, असं आलटून पालटून. नजर हातावरच असावी. टीव्हीकडे बघत केलं की निम्मा फायदा जातो असा माझा अनुभव आहे. आणि स्वतःचाच डावा हात वापरावा, कारण पुढचा स्पर्श कुठे होणार हे आपल्याला आधी माहीत असतं.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, "हलक्या हाताने" सुरुवात करणं. दया म्हणून केलेली ती फुंकर, ते मोरपीस, याच नसेला सर्वांत जास्त लागतं. हलका, सरकता स्पर्श जाड तंतूंतून जातो आणि इजा झाल्यावर मज्जारज्जूत नेमका तोच दुखण्याच्या तारेला जोडला गेलेला असतो. दुसरी चूक, आग शिगेला असताना हात झटकून थांबणं. त्यापेक्षा चांगल्या कातडीवर परत यावं, तिथे दहा श्वास दाब द्यावा आणि मग थांबावं. तिसरी, भेगा पडलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर हे करणं. कापड बदलायचा नियम असा: एकच कापड सलग तीन दिवस वापरून वेदना दोन अंकांहून जास्त चढत नसेल आणि पंधरा मिनिटांत खाली येत असेल, तरच पुढचं.

कापडाबरोबर धान्य. खोलगट गंजात, म्हणजे पातेल्यात, दोन किलो तांदूळ घेऊन हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवायचा आणि बोटं उघडायची-मिटायची. तांदूळ जमला की तुरीची डाळ, मग हरभरे, अगदी शेवटी खडेमीठ. डाळीचे दाणे गुळगुळीत सरकतात, हरभऱ्याची चोच टोचते, म्हणून हा क्रम. नागपुरात ऋतू बघावा लागतो. जानेवारीत रात्रभर बाहेर राहिलेला तांदूळ बर्फासारखा लागतो आणि सगळा प्रयोग फसतो. गंज तासभर उन्हाजवळ ठेवा, पण उन्हात नको. मे महिन्यात उलट, टिनाच्या डब्यातलं धान्य तापलेलं असतं. डाव्या हाताने आधी तपासल्याशिवाय उजवा घालू नये, कारण दुखऱ्या भागाच्या मधोमध बहुधा एक बधिर चकती असते आणि तिथे चटका कळत नाही. याच कारणाने गरम पाण्याची पिशवी, शेकोटी आणि बर्फ तिन्ही वर्ज्य. बर्फाने तर ही नस खवळतेच.

अंघोळीला शॉवर नको. प्रत्येक थेंब हा एक हलका स्पर्श, आणि शॉवर म्हणजे असे शेकडो. बादली आणि कानाचा प्लास्टिक गडवा डाव्या हातात घ्यावा. अंगावर पाणी घेण्याआधी ओलं सुती कापड उजव्या मनगटाभोवती सैल गुंडाळावं. पाणी खांद्यावरून सोडलं की दंडावरून पसरत एकसंध खाली येतं, थेंब होऊन पडत नाही. पुसताना टॉवेल चौपदरी करून मनगटावर ठेवायचा, दहा मोजेपर्यंत दाबायचा, उचलायचा, पुढे ठेवायचा. चोळायचं नाही.

स्वयंपाकात सर्वांत नडते ती पोळी. लाटणं म्हणजे दोन्ही तळवे खाली आणि मनगटं करंगळीकडे, नसेची नको ती अवस्था शंभरदा. ओटा उंच असेल तर त्रास वाढतो. कोपर काटकोनात राहील इतक्या खाली पोळपाट आणला, लाटणं मुठीत न धरता उघड्या तळव्यांखाली फिरवलं आणि कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवली, की निम्मा भार उतरतो. तीन पोळ्या, मग दोन मिनिटं हात अंगठा वर करून मांडीवर. कणीक मळायला डाव्या हाताचा तळवा. सांडशी, तवा, कुकरचं झाकण डाव्या हातात. बरणीचं झाकण उघडताना बरणी उजव्या कोपराने अंगाशी दाबून धरायची आणि झाकणावर रबराचा तुकडा टाकून ते डाव्या हाताने फिरवायचं.

भाजी चिरायला मला सुरीपेक्षा विळी सोसते, हे ऐकून पुष्कळ जण चकित होतात. सुरीने चिरताना तळवा खाली दाबतो. विळीवर दोन्ही हातांत भाजी धरून पुढे ढकलताना अंगठे आपसूक वर राहतात. उठताना मात्र जमिनीवर उजवा पंजा टेकू नये, डाव्या हाताने किंवा मुठीवर भार देऊन उठावं. चमचा, टूथब्रश, पेन, सोलाणं यांच्या मुठी जाड करून घेतल्या की पकड सैल ठेवता येते. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम असतो. आतून १२ ते १५ मिलिमीटरचा, १० सेंटिमीटर लांब तुकडा कापून दांड्यावर सरकवायचा. सराट्याला, म्हणजे उलथन्याला, मात्र हा फोम नको, आचेजवळ वितळतो. तिथे सुती पट्टी गुंडाळलेली बरी.

कपडे पिळायचे नाहीत. बादलीच्या कडेला दाबून पाणी काढावं, किंवा नळाला घडी अडकवून दोन्ही टोकं डाव्या हातात धरून एकाच बाजूने पीळ द्यावा.

संत्र्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फोडीला चिकटून बसत नाही, म्हणून ते हाताच्या अभ्यासाला फार चांगलं. अंगठे वर ठेवून, देठाच्या बाजूने सुरुवात करून एक संत्रं सोलणं म्हणजे अंगठ्याची हालचाल, ओला स्पर्श, खरखरीत पोत, सगळं एकत्र. आंबिया बहाराचं फळ बाजारात आलं की मी ते धान्याच्या पुढची पायरी म्हणून धरते. फक्त सालीतून उडणारं तेल भेगांवर झोंबतं, तेव्हा कातडी आधी नीट बघून घ्यावी. मिरचीचं उलट. भिवापुरी मिरची कांडताना जे हाताला लागतं तेच कॅप्सेसिन या दुखण्यावरच्या मलमात असतं. ते लावल्यावर सुरुवातीला आग वाढते आणि रोज नेमाने लावलं तरच पुढे उतरते. डॉक्टरांनी दिलं तर डाव्या हातात हातमोजा घालून लावावं, डोळ्याला हात नेऊ नये, आणि शक्यतो ते मे महिन्यात सुरू करू नये, कारण घाम आणि गरम पाणी दोन्ही त्याची आग भडकवतात.

स्कूटीचा ॲक्सिलरेटर उजव्याच हाताला येतो, त्याला पर्याय नाही. कोपर बाहेर फाकवलं की मनगट करंगळीकडे झुकतं. कोपर अंगाजवळ, खाली ठेवलं की ते सरळ राहतं. मुठीवर जाड मऊ कव्हर चढवलं की थरथर कमी पोचते. सलग वीस मिनिटांहून जास्त नाही, मध्ये थांबून हात लोंबता सोडायचा. उन्हापासून वाचायला आपण घालतो त्या बाह्या कामाच्या आहेत, कारण त्यांचा सगळीकडे सारखा पडणारा दाब नसेला आवडतो. पण त्यांच्या कडेचं इलॅस्टिक नेमकं नसेवर बसतं. ते कापून टाकून बाही बोटांच्या पेरांपर्यंत ओढून घ्यायची. लांबच्या अंतराला मेट्रो सोयीची. उजवी बाजू डब्याच्या भिंतीकडे, दांडा डाव्या हातात, आणि तपासणीला उभं राहिल्यावर "या हाताला लावू नका, नसेचं ऑपरेशन आहे" असं आधीच सांगावं. ऑपरेशन हाडाचं झालं, नसेचं नाही, तरी मी तसंच सांगते, कारण दोन सेकंदांत नसेचं दुखणं समजावता येत नाही. सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत हात गळ्यात अडकवून फिरायचा मोह होतो. ती झोळी खांदा आणि कोपर आखडवते. त्यापेक्षा तळवा पोटावर ठेवून चालावं. ऑफिसमध्ये उभा माउस मिळाला तर जरूर घ्या, त्यात पंजा हस्तांदोलनासारखा राहतो.

कूलरचा झोत हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. बाहेरगावच्या डॉक्टरांना ते सांगूनही लवकर कळत नाही. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून येणारा वारा दमट असतो, त्यात बारीक तुषार असतात, आणि तो सतत कातडीवर सरकतो. म्हणजे हलका, हलता आणि गार, तिन्ही एकत्र. कूलर डाव्या बाजूला येईल अशी खाट फिरवावी, झोत भिंतीवर किंवा छताकडे वळवावा आणि मनगटावर मलमलची सैल बाही ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हातमोजा झोपेतही घालावा, बोटांची टोकं कापलेला, लोकरीऐवजी सुती.

रात्री मनगट उशीखाली दुमडलं जातं आणि पहाटे तीनला करंटने जाग येते. त्यासाठी मनगट सरळ ठेवणारी पट्टी आहे, पण तिचा वेल्क्रो बंद नसेवरून आवळला की उपचारच दुखणं होतो. बंदाखाली नसेच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या बोटभर जाड वळ्या ठेवल्या की बंद त्यांच्यावर पुलासारखा बसतो आणि नस मोकळी राहते. ही युक्ती हाताच्या थेरपीचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून एकदा करून घ्यावी. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. पट्टी फक्त रात्री. दिवसा घातली की हात पुन्हा मुका होतो.

एवढं करूनही बिघडतं कुठे, तर चांगल्या दिवशी. आज दुखत नाही म्हणून दिवाळीच्या चकल्या एका बैठकीत पाडल्या की पुढचे चार दिवस जातात. म्हणून वेळ हाताच्या मनावर सोडायची नाही, घड्याळावर ठेवायची. भाजी चिरणं घ्या. वेदना दोन अंकांनी चढेपर्यंत किती मिनिटं गेली ते तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. समजा ६, ८ आणि ७ आली. सरासरी ७, तिचे ८० टक्के म्हणजे साडेपाच मिनिटं. आता चांगला दिवस असो की वाईट, साडेपाच मिनिटांनी विळी बाजूला. आठवडाभर निभलं तर दहा टक्के वाढवायचं, म्हणजे पुढच्या आठवड्यात सहा मिनिटं. फार हळू वाटतं, पण दोन महिन्यांत जवळपास दुप्पट होतं. तरीही भडका उडालाच तर दोन दिवस सगळं निम्म्यावर आणायचं. शून्यावर कधीच नाही. कापड चोळणं त्या दोन दिवसांतही चालूच, हवं तर एक पायरी खालच्या पोताने.

राहता राहिल्या बांगड्या. सुरुवातीला त्या फक्त डाव्या हातात, आणि कुणी विचारलं तर नस दुखावली आहे एवढं सांगणं पुरतं. उजव्या हातात परत घालायच्या असतील तर कासाराकडून भरून घेऊ नका. बांगडी चढवताना तो अंगठ्याचं मूळ आवळून पंजा चिंबतो, आणि नस तिथेच आहे. आधी महिनाभर सैल सुती दोरा बांधावा. मग नेहमीपेक्षा दोन मापं मोठी, म्हणजे दोन-चारची सवय असेल तर दोन-आठची, जड धातूची एकच बांगडी. जड अशासाठी की ती एका जागी टेकून राहते; काचेच्या हलक्या बांगड्या मनगटावर सरकत राहतात. ती दुपारी घरातच अर्धा तास घालावी, मग याच दहा टक्क्यांच्या हिशेबाने हळूहळू एक तासापर्यंत न्यावी. काढल्यावर कातडीवर तिचा वळ दिसतो का आणि किती वेळात जातो ते बघायचं. वीस मिनिटांत गेला तर उद्या पुन्हा. रेंगाळला तर दोन दिवस पुन्हा दोरा.